झेव्हियस : आकाशातून पाहिलेली जमीन

दूरचित्रवाणी संचाला जोडून खेळावयाच्या एका जुन्या खेळाचे परीक्षण साहित्यसंस्थेच्या त्रैमासिकात का यावे, अशी शंका काही वाचकांना येणे स्वाभाविक आहे. ही शंका तशी जुनीच आहे. नाटकाविषयी ती एके काळी घेतली गेली, पुढे चित्रपटाविषयी घेतली गेली, आणि प्रत्येक वेळी तिचे उत्तर वादविवादाने नव्हे, तर एखाद्या चांगल्या कृतीने दिले. जी वस्तू कोणी विचारपूर्वक घडविली आहे, जिच्यात निवड आहे आणि त्याग आहे, आणि जी समोरच्याच्या मनात एक निश्चित अनुभव उभा करते, तिची समीक्षा करता येते, असे आमचे मत आहे. जपानमधील नामको या कंपनीचा ‘झेव्हियस’ हा खेळ या कसोटीला कितपत उतरतो, ते येथे पाहावयाचे आहे.

प्रथम थोडी माहिती. १९८३ च्या आरंभी ‘झेव्हियस’ जपानमध्ये नाणे टाकून खेळावयाच्या यंत्रावर आला. त्याचे रचनाकार मासानोबु एन्दो यांचा जन्म १९५९ चा. म्हणजे त्या वेळी त्यांनी पंचविशीही गाठलेली नव्हती. खेळाचे ध्वनी युरिको केइनो यांनी रचले. त्याच वर्षी, १५ जुलै १९८३ रोजी, निन्टेन्डो कंपनीने फॅमिकॉम हे घरगुती यंत्र बाजारात आणले आणि ८ नोव्हेंबर १९८४ रोजी ‘झेव्हियस’ची घरगुती आवृत्ती त्यावर अवतरली. एकट्या जपानमध्ये तिच्या बारा लाखांहून अधिक प्रती विकल्या गेल्या. आपल्या देशात १९९० च्या दशकात फॅमिकॉमच्या स्वस्त नकला गावोगावच्या दुकानांत मिळू लागल्या. आमच्या घरी मुलांसाठी असाच एक संच आला होता. त्यात बसवावयाच्या कार्ट्रिजला मुले ‘कॅसेट’ म्हणत, आणि अनेक खेळ एकत्र भरलेल्या त्या कॅसेटमध्ये ‘झेव्हियस’ होता. मुले पुढे परगावी गेली, संच माळ्यावर राहिला आणि सेवानिवृत्तीनंतर आम्ही तो खाली काढला. प्रस्तुत विवेचन या घरगुती आवृत्तीच्या आधारे केले आहे. मूळ यंत्रावरील खेळाचे चित्रण आज सहज पाहावयास मिळते, त्याच्याशी आम्ही ती ताडून पाहिली आहे.

या खेळाचे वेगळेपण लक्षात येण्यासाठी त्याचे पूर्वज पाहिले पाहिजेत. ‘स्पेस इन्व्हेडर्स’ (१९७८), ‘गॅलॅक्सियन’ (१९७९) आणि ‘गॅलागा’ (१९८१) हे तीन खेळ जगभर गाजले. तिन्हींत पडदा काळा. पुढील दोहोंत त्यावर तारे लुकलुकतात, एवढेच. खेळाडूचे यान तळाशी डावी-उजवीकडे सरकते, शत्रू वरून येतो, त्याच्यावर गोळी झाडावयाची. येथे अवकाश म्हणजे नाटकातील मागचा काळा पडदा. त्यासमोर पात्रे वावरतात, पण तो स्वतः काही बोलत नाही. ही युद्धे कोणत्या ठिकाणी चालली आहेत, असा प्रश्नच तेथे संभवत नाही, कारण तेथे ‘ठिकाण’ नाही.

‘झेव्हियस’ने पडद्याखाली जमीन घातली. सोल्व्हालू नावाचे आपले यान पुढे जात असते आणि त्याखालून हिरवी अरण्ये, नद्या, किनारे, उजाड मैदाने आणि रस्ते सावकाश मागे सरकत राहतात. त्या जमिनीवर शत्रूचे बुरुज, घुमट आणि रणगाडे आहेत. हवेत त्याची याने आहेत. या दोन पातळ्यांसाठी दोन शस्त्रे आहेत. झॅपर हा हवेतील शत्रूवर सरळ समोर मारा करतो. ब्लास्टर हा जमिनीवर टाकावयाचा बॉम्ब. यानापासून ठरावीक अंतरावर एक चौकोनी खूण सतत पुढे चालत असते आणि बॉम्ब त्याच जागी पडतो. तो खाली पोहोचण्यास काही क्षण जातात, आणि एक पडल्याखेरीज दुसरा सोडता येत नाही.

नियम एवढेच. परंतु या साध्या नियमांतून जे घडते, ते आमच्या मते या खेळाचे खरे मर्म आहे. हवेतील शत्रू आपल्याकडे ‘आत्ता’ मागतो. जमिनीवरील शत्रू ‘थोड्या वेळाने’ मागतो. हवेतल्या यानाला उत्तर देण्यास तत्परता हवी, तर जमिनीवरील बुरुजासाठी आधीच मार्ग आखावा लागतो, खूण त्यावर नेऊन ठेवावी लागते आणि बॉम्ब पडेपर्यंत धीर धरावा लागतो. दोन्ही मागण्या एकाच वेळी येतात, आणि एकीकडे पूर्ण लक्ष दिले की दुसरी घात करते. खेळाडूची दृष्टी आपले यान, पुढची खूण आणि पडद्याची वरची कड या तीन ठिकाणी फिरत राहते. आमच्या वयाच्या माणसास पहिले काही दिवस हे अशक्य वाटते. पुढे केव्हातरी डोळे एका जागी टक लावणे सोडून देतात, संपूर्ण पडदा एकदम दिसू लागतो, आणि मग खेळ हाती लागतो.

मर्ढेकरांनी आपल्या सौंदर्यविचारात लयीची तीन तत्त्वे मांडली : संवाद, विरोध आणि समतोल. ती त्यांनी कलाकृतीच्या घटकांमधील संबंधांविषयी मांडली होती. अशा खेळांचा विचार त्यांच्यासमोर असण्याचे कारणच नव्हते. तरीही ही चौकट येथे उपयोगी पडते. झॅपर आणि ब्लास्टर यांच्यात विरोध आहे. एक सलग सुटणारा, दुसरा एकेकटा आणि विलंबाने फळ देणारा. जमिनीच्या संथ, अखंड सरकण्यात आणि यानांच्या टोळ्यांच्या येण्या-जाण्यात संवाद आहे. आणि समतोल? तो खेळाडूला स्वतःच्या हातांनी साधावा लागतो. चित्रात किंवा कवितेत समतोल कर्त्याने आधीच सिद्ध करून ठेवलेला असतो. येथे तो दर क्षणी ढळतो आणि दर क्षणी सावरावा लागतो. या कलाप्रकाराचे स्वतंत्र वैशिष्ट्य सांगावयाचे झाल्यास आम्ही हेच सांगू.

या लयीला आधार आहे तो जमिनीच्या गतीचा. ती कधी थांबत नाही आणि खेळाडूला तिला थांबविता येत नाही. नेम चुकलेला बुरुज यानाखालून निघून जातो आणि मागे वळता येत नाही. पार्श्वभूमीला एक लहानशी स्वरावली आरंभापासून अखेरपर्यंत फिरत असते. प्रथम ती कंटाळवाणी वाटते. काही वेळाने ती तानपुऱ्यासारखी कानामागे जाते आणि तिच्यावर बाकीचे सारे ध्वनी, गोळ्यांचे, स्फोटांचे, नव्या शत्रूच्या चाहुलीचे, स्पष्ट उमटू लागतात. अल्प साधनांत एवढे साधणे हे रचनाकाराच्या संयमाचे लक्षण आहे.

भूमीच्या मांडणीविषयी विशेष लिहिले पाहिजे, कारण भू-अभिलेखांच्या कामात नोकरीची बरीच वर्षे गेल्यामुळे आमचे लक्ष तिकडे आपसूक गेले. खेळाचे सोळा भाग आहेत. प्रत्येक भागाच्या शेवटी दाट अरण्य लागते. तेथे जमिनीवर कोणी शत्रू नसतो. जणू एका भागाची हद्द संपून दुसऱ्याची सुरू होते. हे सोळा भाग म्हणजे सोळा वेगळी चित्रे नव्हेत. रचनाकाराने एक मोठा नकाशा केला आणि त्यातून निरनिराळ्या जागी उभ्या पट्ट्या कापून घेतल्या. त्यामुळे एका भागात उजव्या कडेला दिसलेली नदी दुसऱ्या भागात मध्यभागी येते, आणि सावध खेळाडूला हळूहळू जाणवते की आपण त्याच एका प्रदेशावरून पुन्हा पुन्हा, शेजारच्या वाटेने, जात आहोत. स्मृतीची बचत करण्यासाठी केलेली ही युक्ती असेल. परंतु तिचा परिणाम कलात्मक आहे. तुकड्यांच्या मागे एक अखंड भूमी आहे, हा विश्वास तिने निर्माण होतो. मूळ यंत्रावरील खेळात याच भूमीवर पेरू देशातील नाझ्का येथील प्रसिद्ध रेखाकृतींसारखा एक विशाल पक्षी रेखलेला दिसतो. त्याचा कोणी उपयोग करीत नाही, त्याला मारून गुण मिळत नाहीत. तो केवळ आहे, आणि या प्रदेशाला आपल्याआधीचा इतिहास आहे एवढेच सांगतो.

शत्रूंच्या स्वभावचित्रणातही असाच विवेक दिसतो. प्रथम भेटणारी टोरॉइड ही कड्यांसारखी याने आपल्या जवळ आली की बाजूला वळून पळतात. बार्रा नावाचे पिरॅमिड गोळी झाडीतच नाहीत, नुसते उभे असतात. लोग्राम हा घुमट उघडतो, गोळी सोडतो आणि मिटतो. झोल्बाक हा टेहळणीचा घुमट; तोही निरुपद्रवी भासतो. परंतु खेळाडूच्या कौशल्यानुसार हवेतील हल्ला वाढत जावा अशी योजना खेळात आहे, आणि झोल्बाक उद्ध्वस्त केल्यास तो हल्ला सौम्य होतो. हे कोठेही लिहून दाखविलेले नाही. पाहणाऱ्याने पाहावे, जोडणाऱ्याने जोडावे. बाकुरा या फिरत येणाऱ्या फरश्या तर कोणत्याही माऱ्याने फुटत नाहीत. त्यांच्यामधून वाट काढणे एवढाच उपाय. केवळ मारण्याच्या खेळात ‘येथे मारणे व्यर्थ आहे’ असे सांगणारी वस्तू ठेवणे, हे आम्हांस अर्थपूर्ण वाटते.

बाकुराच्या २५६ गोळ्या लागल्यास ती फुटते, अशी दंतकथा जपानी मुलांमध्ये पसरली होती. ती खरी नव्हती. परंतु अशी दंतकथा जन्मास यावी यातच खेळाचे यश आहे. त्याने मुलांना आधीच शिकविले होते की दिसते त्याहून अधिक काही येथे आहे. रिकाम्या दिसणाऱ्या जमिनीत सोल नावाचे मनोरे दडलेले आहेत. योग्य जागी बॉम्ब पडला की ते वर येतात. काही ठिकाणी लपलेले ध्वज सापडतात आणि ते घेतले की एक यान अधिक मिळते. या जागा मुले एकमेकांना सांगत, वहीत टिपून ठेवीत. आपल्याकडे एखाद्या पडक्या किल्ल्याविषयी गावातील मुले ज्या कुजबुजीने बोलतात, तीच कुजबुज एका विद्युत्-यंत्रातील भूमीला लाभली.

मृत्यूच्या बाबतीतही खेळाचा एक नियम नोंदविण्याजोगा आहे. एखाद्या भागाचा सुमारे ७० टक्के प्रवास झाल्यावर यान नष्ट झाले, तर पुढचे यान पुढील भागाच्या आरंभापासून निघते. त्याआधी नष्ट झाले, तर तोच भाग पुन्हा. म्हणजे पुरेसे चालून आलेल्याला मरणदेखील मागे ढकलीत नाही. हा नियम दयाळू आहे. मात्र सोळावा भाग संपल्यावर खेळ संपत नाही. तो सातव्या भागाकडे परततो आणि हे आवर्तन चालूच राहते. नाण्यांवर चालणाऱ्या यंत्राला शेवट परवडत नसावा. तथापि, घरी बसून खेळणाऱ्याला या अंतहीनतेचा शीण येतो, हे सांगितले पाहिजे.

आता घरगुती आवृत्तीविषयी. मूळ यंत्रात झेड-८० जातीचे तीन प्रक्रियक एकत्र काम करीत. फॅमिकॉममध्ये एकच, सेकंदाला सुमारे १८ लाख ठोके घेणारा. कार्ट्रिजमध्ये चित्रे आणि कार्यक्रम मिळून ४० किलोबाइट. आजच्या भ्रमणध्वनीवरील एक छायाचित्र याच्या कित्येक पट जागा घेते. त्याहून मोठी अडचण पडद्याची होती. मूळ यंत्राचा पडदा उभा, घरातील दूरचित्रवाणीचा आडवा. वरून खाली वाहणाऱ्या खेळात पडदा ठेंगणा झाला की पुढचे कमी दिसते, आणि ज्या खेळाचा प्राणच पुढचे पाहण्यात आहे त्यात ही हानी लहान नव्हे. फॅमिकॉमला एका आडव्या ओळीत आठांहून अधिक हलत्या आकृती दाखविता येत नाहीत. त्यामुळे गर्दी झाली की त्या लुकलुकतात. मूळ खेळात करड्या रंगाच्या अनेक छटांनी शत्रूच्या यंत्रांना धातूची झळाळी आणली होती, ती येथे मंदावली आहे. अँडोर जेनेसिस ही अष्टकोनी महानौका मूळ खेळात अरण्यावर तरंगत येते आणि तिच्या दर्शनाने दडपण येते. घरगुती यंत्राला एवढी मोठी हलती आकृती पेलवत नाही, म्हणून ती पार्श्वभूमीचाच भाग म्हणून रेखाटावी लागली, आणि तरंगण्याचा तो भास गेला.

एवढे गेल्यावर काय उरले? आमच्या मते सर्व महत्त्वाचे उरले. दोन बटणांचा खेळ दोन बटणांवर जसाच्या तसा आला. बॉम्बचा विलंब, खुणेचे अंतर, जमिनीची न थांबणारी गती, दडलेले मनोरे हे सारे शाबूत आहे. उत्तम कीर्तनकार मोठ्या मंडपातून लहानशा ओसरीवर आला, तर समया आणि गर्दी जातात, पण आख्यान जात नाही. तसेच हे झाले. अलंकार गळून पडल्यावरही जी कृती उभी राहते, तिचे बळ तिच्या बांधणीत होते, हे त्यावरून सिद्ध होते. या दृष्टीने पाहता, दरिद्री घरगुती आवृत्ती ही मूळ कृतीची कठोर, आणि म्हणूनच विश्वसनीय, परीक्षा आहे.

यानंतर आमचा मुख्य आक्षेप. एन्दो यांनी या खेळामागे एक विस्तृत कथा रचली. तिच्यानुसार झेव्हियसचे लोक हे मुळात परके आक्रमक नाहीत. फार प्राचीन काळी ते याच पृथ्वीवर राहत होते, ती सोडून गेले, आणि आता तिच्यावर आपला हक्क सांगण्यासाठी परतले आहेत. ही कल्पना विलक्षण आहे. सामान्य युद्धकथेत ‘आपण’ आणि ‘ते’ ही विभागणी प्रश्नरहित असते. येथे ‘ते’ आपल्याहून जुने रहिवासी ठरतात, आणि आपण रक्षण करीत असलेली भूमी नेमकी कोणाची, हा प्रश्न उभा राहतो.

अठराव्या शतकात शिंदे-होळकरांच्या मागोमाग माळव्यात आलेल्या, आणि आता येथलेच झालेल्या आमच्यासारख्या कुटुंबांना या प्रश्नाची धार वेगळी जाणवते. आपण आलो तेव्हा ही जमीन रिकामी नव्हती. तिच्यावर गावे होती, नावे होती, देवळे होती. पुढे आपणही तिच्यात मुरलो, आणि आज ‘मूळचे कोठले?’ या प्रश्नाला आपल्यापैकी अनेकांजवळ एका वाक्याचे उत्तर नाही. जुन्या दप्तरांत एकाच शेतावर एकामागून एक चढलेली नावे आम्ही पुष्कळ पाहिली आहेत. ‘आधी कोण’ या प्रश्नाचा निकाल कागदावर लागतो, मनात लागत नाही.

दुर्दैवाने ‘झेव्हियस’ खेळताना यातले काही आपल्या हाती येत नाही. कथा खेळाबाहेर राहते; खेळाच्या आत दोन बटणे आणि दोन्ही मारण्याची. बार्राचे मूक पिरॅमिड आपल्यावर गोळी झाडीत नाहीत, तरी त्यांच्यावर बॉम्ब टाकला की गुण मिळतात, आणि न टाकल्यास काही मिळत नाही. या खेळाची पहिली कल्पना व्हिएतनामच्या युद्धावर बेतलेली होती, असे वाचनात आल्यावर तर वरून खाली बॉम्ब टाकण्याची ही सहजता अधिकच खटकली. रचनाकाराच्या मनात शंका होती. ती त्याने कथेत ठेवली, कृतीत आणली नाही. साहित्यात आपण यास आशय आणि अभिव्यक्ती यांची फारकत म्हणतो, आणि तो दोष म्हणूनच मांडतो. येथेही तो दोषच मानला पाहिजे. ‘तो काळ वेगळा होता’ असे म्हणून तो सोडून देणे आम्हांस पटत नाही, कारण ज्याने बाकुरा निर्माण केली त्याला न मारण्याचे मूल्य ठाऊक होते.

तथापि हा दोष मोठ्या कृतीचा दोष आहे. काळ्या पडद्यासमोर चाललेल्या युद्धांना असला आक्षेप कोणी घेत नाही, कारण तेथे जमीनच नाही. ‘झेव्हियस’ने जमीन दाखविली, म्हणून ती कोणाची, हे विचारणे शक्य झाले. पुढील वर्षांत या धर्तीचे असंख्य खेळ निघाले. त्यांत गोळ्यांचा पाऊस वाढला, शस्त्रे वाढली, वेग वाढला. आम्ही पाहिलेल्यांपैकी बहुतेकांत जमीन पुन्हा चित्रापुरती उरली. खाली पाहावयास लावणारे थोडेच.

वाचकांपैकी कोणाच्या घरी माळ्यावर असा जुना संच पडून असेल, तर तो काढून, धूळ झटकून एकदा लावून पाहावा, असे सुचवावेसे वाटते. नातवंडे हसतील; हसू द्यावे. पहिल्या दिवशी यान पहिल्या अरण्यापर्यंतही पोहोचणार नाही. आठ-दहा दिवस नेटाने बसल्यास डोळ्यांना दोन्ही पातळ्या एकत्र दिसू लागतील, आणि एखाद्या संध्याकाळी मोकळ्या माळावर टाकलेल्या बॉम्बमधून सोलचा मनोरा वर येईल. तो दिसल्यावर ही कृती समीक्षेस पात्र आहे की नाही, याचा निर्णय प्रत्येकाने स्वतः करावा. आमचा निर्णय वर दिला आहे.